अडखळणारे इंजिन आणि त्याची तेरीज

पेढीवर मानाचे स्थान गादीला व तिजोरीला असते. परंतु व्यापाऱ्याने दिलेला शब्द ज्याच्या जोरावर पाळला जातो ते साधन बहुधा गोदामाच्या दाराशी धुळीने माखलेले उभे असते. आम्ही पेढीच्या जुन्या पिकअप गाडीविषयी बोलत आहो. बेळगावच्या रविवार पेठेतील भुसार माल चोर्ला घाट उतरून साखळी, म्हापसा, मडगाव येथे वेळेवर पोहोचावा, इंदूरच्या सियागंजातील किंवा हैदराबादच्या बेगम बाजारातील माल सायंकाळपूर्वी गिऱ्हाइकाच्या दुकानी उतरावा, हे सारे त्या गाडीच्या इंजिनावर अवलंबून असते. ते इंजिन ज्या दिवशी अडखळू लागते त्या दिवशी साऱ्या व्यवहारालाच ठेच लागते.

मोटारधंद्याशी आपल्या समाजाचा संबंध केवळ गिऱ्हाइकाचा नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो या नावांचे मालट्रक बाहेर पडले. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पोचा पाया घातला. तिच्या मॅटाडोर गाडीने पुढे कित्येक वर्षे देशभर माल वाहिला. ती कंपनी आता फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. मॅटाडोर काय किंवा महिंद्राची जीप-पिकअप काय, या जुन्या गाड्या अजूनही काही पेढ्यांनी जतन केल्या आहेत. त्यांचे मालक त्या मोडीत काढावयास तयार नसतात, आणि नीट निगा राखली तर काढण्याचे कारणही नसते.

परंतु निगा राखणे म्हणजे सुटे भाग बदलीत राहणे नव्हे. इंजिन थरथरते, ठोके चुकवते, चढावर मान टाकते. गॅरेजच्या भाषेत ते ‘मिसिंग करते’. मग एक मिस्त्री प्लग बदलतो, दुसरा कार्बोरेटर खोलतो, तिसरा पेट्रोलपंपाचा डायफ्रॅम टाकतो. बिल वाढत जाते व दोष होता तेथेच राहतो. आमच्या बंधूंना हा प्रकार विशेष खटकावा, कारण हिशेबाच्या बाबतीत ते असे कधीही करीत नाहीत. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी मुनीम साऱ्या वह्या फाडून नव्याने लिहावयास बसत नाही. तो प्रथम फरकाची रक्कम पाहतो. ती नवाने भागली जात असेल तर कोठे तरी शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले असावेत, आणि ती दोनाने भागली जात असेल तर जमेची एखादी रक्कम नावे पडली असावी, अशी अटकळ तो बांधतो. मग एकेक खाते ताडून पाहतो. इंजिनाच्या दोषाचा शोधही नेमका असाच घ्यावयाचा असतो. या लेखात आम्ही तेवढीच एक गोष्ट सांगू इच्छितो.

प्रथम चालकाचे ऐकावे

गाडीचा खरा रोजमेळ चालकाच्या कानात असतो. म्हणून पाना उचलण्यापूर्वी त्याला शांतपणे चार प्रश्न विचारावे. इंजिन थंड असताना अडखळते की तापल्यावर? उभ्या गाडीत अडखळते की भरल्या गाडीने चढ चढताना? ठोका ठराविक अंतराने चुकतो की केव्हाही? आणि हे एकाएकी सुरू झाले की हळूहळू वाढत आले?

या चार उत्तरांत अर्धे निदान असते. ठोका ठराविक अंतराने चुकत असेल तर बहुधा एकच सिलिंडर काम करीत नाही. केव्हाही चुकत असेल तर साऱ्या सिलिंडरांना मिळून जे पुरवले जाते त्यात, म्हणजे इंधनात किंवा विजेच्या मुख्य प्रवाहात, संशय घ्यावा. उभ्या गाडीत खडबड होते पण वेगात इंजिन सुधारते, तर कोठून तरी फाजील हवा आत शिरत असावी. उलट, रिकाम्या गाडीत ठीक व ओझ्याखाली अडखळते, तर ठिणगी दुबळी आहे किंवा इंधन अपुरे पडते, असे समजावे.

आणखी एक खात्री आधीच करून घ्यावी. थरथर इंजिनाचीच आहे काय? इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसलेले असते, ज्यांना गॅरेजमध्ये ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते फाटले किंवा सायलेन्सरचा टांगता पट्टा तुटला, तर निरोगी इंजिनही साऱ्या गाडीला हलवून सोडते. येथे दोष नजरेने दिसतो, आणि पाहावयास काही पडत नाही.

कोणता सिलिंडर नापास?

उदाहरणासाठी आम्ही जीपचे जुने ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन घेतो. ते चार सिलिंडरांचे व सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे असून त्यात स्फोटांचा क्रम १-३-४-२ असा असतो. यातील कोणता सिलिंडर काम करीत नाही हे शोधण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद करावे, एका प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाला पक्के टेकवून ठेवावे, व इंजिन पुन्हा सुरू करावे. गती आणखी घसरली, तर तो सिलिंडर काम करीत होता असे ठरले. काहीच फरक पडला नाही, तर अपराधी सापडला. चारही सिलिंडर याप्रमाणे तपासावे. चालत्या इंजिनाची वायर हाताने ओढून पाहण्याची कित्येकांना सवय असते. ती सोडावी, कारण तो झटका साधा नसतो.

समजा, तिसरा सिलिंडर नापास ठरला. आता नवा प्लग विकत आणण्याचे कारण नाही. तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात व दुसऱ्याचा तिसऱ्यात घालून पाहावे. दोष दुसऱ्याकडे गेला तर प्लग वाईट. तिसऱ्यातच राहिला तर प्लग निर्दोष. मग हीच अदलाबदल वायरीच्या बाबतीत करावी, मात्र प्रत्येक वायर शेवटी आपल्याच सिलिंडराच्या क्रमात जाईल याची काळजी घ्यावी. या अदलाबदलीला एक पैसा लागत नाही.

काढलेला प्लग फेकण्यापूर्वी त्याचे टोक उजेडात धरून पाहावे. फिकट तपकिरी किंवा करडा रंग हे आरोग्याचे लक्षण होय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल फाजील जळत आहे, किंवा ठिणगी नीट पडत नाही. ओलसर काळे तेल असेल तर इंजिन तेल पीत आहे. टोक पांढरेफटक व भाजल्यासारखे असेल तर पेट्रोल कमी व हवा जास्त होत आहे. चारही प्लग सिलिंडरांच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवले तर निरोगी कोण व रोगी कोण हे एका दृष्टिक्षेपात कळते.

ठिणगीचा मार्ग

या इंजिनात प्लगच्या दोन टोकांतील फट ०.०३० इंच, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर असावी, आणि डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांची फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. पॉइंट वापरानुसार झिजतात, फट बदलते व तिच्याबरोबर ठिणगीची वेळही सरकते. पॉइंटांची तोंडे जळून खड्डे पडले असतील तर केवळ घासून भागणार नाही. कंडेन्सरही तपासून घ्यावा.

आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात पावसाळा हा डिस्ट्रिब्युटरचा शत्रू होय. झाकणाच्या आत दमटपणा साचतो आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता आतल्या आत वाट काढते. त्या वाटेवर केसासारखी बारीक काळी रेघ उमटते; ती पुसून जात नसेल तर झाकण बदलणे हाच उपाय. रात्री अंधारात, मोकळ्या जागी इंजिन चालू ठेवून वायरींकडे पाहावे. जुन्या, तडे गेलेल्या वायरींतून निळसर ठिणग्या बाहेर उड्या मारताना दिसतात. हे पाहताना हात लांब ठेवावा, आणि गाडी बंद गोदामात मुळीच चालू ठेवू नये. पेट्रोल इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो व तो माणसाचा प्राण घेतो.

दाब आणि व्हॉल्व्ह

ठिणगी उत्तम असूनही सिलिंडर काम करीत नसेल, तर त्यात दाब धरला जातो की नाही हे पाहणे ओघानेच आले. इंजिन तापवून सारे प्लग काढावे, ठिणगीचा प्रवाह तोडावा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा, आणि दाबमापक लावून स्टार्टरने इंजिन फिरवावे. सांगितलेल्या इंजिनात दर चौरस इंचास १२० ते १३० पौंड दाब हे निरोगीपणाचे माप मानतात. परंतु मूळ आकड्याहून चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असणे अधिक महत्त्वाचे. एक जरी दहा-पंधरा पौंडांनी मागे पडला तरी त्याची दखल घ्यावी.

मागे पडलेल्या सिलिंडरात चमचाभर इंजिन-ऑइल सोडून पुन्हा मापावे. दाब चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. चढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, किंवा हेड गॅस्केट गेले आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवीत असतील, तर त्या दोहोंच्या मधले गॅस्केट फुटल्याचा संशय प्रथम घ्यावा.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. टॅपेटचा आवाज येऊ नये म्हणून मालक मिस्त्रीकडून फट कमी करून घेतात. या इंजिनात इनलेट व्हॉल्व्हची फट ०.०१८ इंच व एक्झॉस्टची ०.०१६ इंच ठेवावयाची असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो. फट उरली नाही तर तो पूर्ण मिटत नाही, जळते वायू त्याच्या कडेवरून निसटतात व ती कड भाजून जाते. किंचित टकटकणारा टॅपेट पुष्कळ काळ सेवा करतो. अगदी मुका टॅपेट मात्र खर्चात पाडतो.

चोरून शिरणारी हवा

कार्बोरेटरच्या तळाचे गॅस्केट, इनलेट मॅनिफोल्डचे सांधे, ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी रबरी नळी यांपैकी कोठेही चीर पडली, की हिशेबात नसलेली हवा आत जाते. तपासण्याची घरगुती युक्ती अशी : इंजिन चालू असताना चोक किंचित ओढावा. खडबड कमी झाली, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडते किंवा हवा जास्त मिळते, हे ठरले. मग एकेक रबरी नळी चिमटीत धरून दाबावी. जिच्या दाबण्याने इंजिन सुधारते ती दोषी. सांध्यांवर पेट्रोल शिंपडून पाहण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती आगीला आमंत्रण देणारी असल्यामुळे सर्वथा त्याज्य होय.

व्हॅक्यूम गेज जवळ असेल तर उत्तमच. समुद्रसपाटीला निरोगी इंजिनाचा काटा साधारण १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो. दर हजार फूट उंचीस सुमारे एक इंच वजा करावा. बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंच असल्यामुळे तीच गाडी मडगावात जे दाखवील त्याहून तेथे अडीच इंच कमी दाखवील. त्याला दोष समजू नये. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर हवेची गळती किंवा ठिणगीला झालेला उशीर, आणि काटा ठराविक तालात खाली झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह, असे त्याचे वाचन आहे.

कार्बोरेटर सर्वांत शेवटी

मिस्त्री सर्वांत आधी ज्याला हात घालतात तो कार्बोरेटर वास्तविक शेवटी उघडावा. दाब, ठिणगी व हवेचे सांधे ठीक असल्याखेरीज त्याचे स्क्रू फिरविणे म्हणजे मूळ नोंद चुकीची असताना शिल्लक जुळवून घेणे होय. त्याच्याही आधी पेट्रोलची वाट पाहावी : टाकीतील गंज, फिल्टरच्या वाटीत साचलेले पाणी, कडक झालेल्या रबरी नळ्या, पंपाचा डायफ्रॅम.

जुन्या गाड्यांच्या मालकांनी अलीकडच्या एका बदलाची विशेष नोंद घ्यावी. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री आपल्या देशात सुरू झाली व २०२५ पर्यंत ते बहुतेक सर्वत्र पोहोचले. नव्या गाड्यांतील यंत्रणा मिश्रणाचे प्रमाण आपोआप सांभाळते. जुन्या कार्बोरेटरला ते साधत नाही, म्हणून मिश्रण किंचित हलके पडते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या प्रतीचे रबर व बुचाचे गॅस्केट त्याने लवकर खराब होतात. म्हणून नळ्या व डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून घ्यावे, आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये.

डिझेल गाडीची गोष्ट

डिझेल इंजिनात ठिणगीच नसल्यामुळे तपासाचा मार्ग आखूड आहे. सकाळी मिनिटभर खडबड, पांढरा धूर, व मग सारे सुरळीत, असे असेल तर हीटर प्लग पाहावे. जुन्या रचनेत ते एकाला एक जोडलेले असत, म्हणून एक जळला की सारेच निकामी होत. इंजिन चालता चालता मध्येच दम सोडत असेल तर डिझेलच्या वाटेत हवा शिरली आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. ओझ्याखाली काळा धूर येत असेल तर प्रथम एअर फिल्टर, मग नॉझल. निळा धूर इंजिन-ऑइल जळत असल्याचा.

कोणता सिलिंडर नापास हे पाहण्यासाठी अनुभवी मिस्त्री नॉझलच्या नळीचे नट एकेक करून किंचित सैल करतो. जो सैल केल्याने फरक पडत नाही तो सिलिंडर निकामी. हे काम त्याच्यावरच सोपवावे. नॉझलमधून सुटणारी बारीक धार शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाची असते व ती बोटाच्या कातडीत शिरते. अशी जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी त्याच घटकेला रुग्णालय गाठावे लागते.

पेढीचे कर्तव्य

आता थोडे मालकांविषयी. इंजिन अडखळते हे चालक सांगतो, आणि ‘आजचा फेरा होऊ द्या, मग पाहू’ असे उत्तर कित्येक पेढ्यांवर मिळते. चोर्ला घाटाच्या वळणावर, भरल्या गाडीचे इंजिन बंद पडले म्हणजे काय होते, याचा विचार गादीवर बसून सुचत नाही. ज्या गाड्यांच्या ब्रेकला व्हॅक्यूमचे साहाय्य असते, त्यांत इंजिन थांबताच ते साहाय्य दोन-चार वेळा पॅडल दाबेपर्यंतच पुरते. पुढे पायाला सारे बळ लावावे लागते. मागे पोत्यांवर बसलेला हमाल तर कोणाच्याच हिशेबात नसतो. एका दिवसाच्या उशिराने गिऱ्हाईक क्वचित तुटते. समजूत घातली तर बहुधा तुटतही नाही. तेव्हा ‘आज ही गाडी घाटात नेऊ नये’ असे चालकाने म्हटले, तर तो शब्द शेवटचा मानण्याची रीत प्रत्येक पेढीने पाडावी, आणि त्या दिवसाची त्याची मजुरी कापू नये.

दुसरी विनंती अशी की गाडीला स्वतंत्र वही असावी. तारीख, किलोमीटर, लक्षण, काय तपासले, काय बदलले व त्याने काय फरक पडला, एवढी नोंद प्रत्येक वेळी व्हावी. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा दोन्हींचा खर्च करावा लागतो. मिस्त्री बदलला, चालक बदलला, तरी वही बदलत नाही. दाबाचे चार आकडे वर्षातून एकदा तीत लिहिले, तर इंजिन उतरणीला लागल्याची सूचना दोन-तीन वर्षे आधी मिळते, व त्याच्या दुरुस्तीची तरतूद मालकाला सवडीने करता येते.

असो. आगामी पावसाळ्यापूर्वी आमच्या व्यापारी बंधूंनी आपापल्या गाडीची एवढी तपासणी करवून घ्यावी, व ती होत असताना घरातील तरुण मुलांना जवळ उभे करावे. खतावणी लिहावयास ज्या धीराने त्यांना शिकविले, त्याच धीराने हेही शिकवावे, अशी आमची नम्र सूचना आहे.